‘मी आले’ आणि ‘मी मारले’ : भूमिकाप्रधान खेळांतील लिंगनिवडीविषयी

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमच्या प्रारंभी, कथानकातील पहिली घटना घडण्यापूर्वीच, खेळाडूला आपल्या पात्राविषयी काही निर्णय घ्यावे लागतात. वंश कोणता, व्यवसाय कोणता, चेहरा कसा. आणि बहुधा या सर्वांच्या आधी, पात्र पुरुष की स्त्री. कादंबरीच्या वाचकाला असा प्रश्न कोणी विचारीत नाही. कादंबरीच्या संहितेत अभिप्रेत वाचकाची जागा आधीच आखलेली असते आणि प्रत्यक्ष वाचक त्या जागेशी जुळवून घेतो किंवा भांडतो. येथे मात्र संहिताच वाचकाला विचारते की, माझ्यामध्ये तू कोण म्हणून वावरणार आहेस?

या निवडीचा आजवर झालेला विचार पुष्कळसा निवडणाऱ्याचा विचार आहे. पुरुष खेळाडू स्त्रीपात्र का घेतात, या प्रश्नाला खेळाडूंच्या वर्तुळात एक ठरावीक उत्तर मिळते: तासन्‌तास कोणाच्या तरी पाठीकडे पाहत बसायचे आहे, तर ती पाठ स्त्रीची का असू नये? लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटातील पुरुषी नजरेविषयी जे मांडले, त्याला इतका निःसंकोच दुजोरा क्वचितच मिळाला असेल. मराठी वाचकाला या संदर्भात बालगंधर्वांची आठवण होण्याचा संभव आहे, परंतु ती तुलना फार दूर नेता येत नाही. नटाचे स्त्रीत्व प्रेक्षकांच्या साक्षीने सिद्ध होत असे. एकट्याने खेळावयाच्या खेळात नट आणि प्रेक्षक एकच असतात. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निवडणाऱ्याविषयी नाही. निवड झाल्यानंतर ती संहितेत कोठे उमटते आणि कोठे उमटतच नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

प्रारंभीच्या खेळांत ती आकड्यांत उमटत असे. १९७४ साली अवतरलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळावयाच्या खेळाची जी प्रगत आवृत्ती निघाली, तिच्या १९७८ च्या नियमपुस्तकात योद्ध्याचे बळ अठरा या कमाल अंकावर पोहोचले की त्यापुढे शेकड्याचे आणखी एक माप लावले जाई. मानव पुरुषाला त्या मापावर शंभरापर्यंत जाता येई. मानव स्त्रीची मर्यादा पन्नास. ‘पूल ऑफ रेडिअन्स’ (१९८८) या संगणकीय खेळाने हा नियम तसाच उचलला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो वगळण्यात आला, आणि तिच्यावर आधारलेल्या ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) मध्ये स्त्री-पुरुषांच्या क्षमतांचे आकडे समान झाले. याच खेळात एक शापित कमरपट्टा सापडतो. तो बांधला की पात्राचे लिंग पालटते आणि शाप उतरविल्याखेरीज पट्टा सुटत नाही. बळ तेच, कौशल्य तेच, शस्त्रे तीच. तरीही जे घडले त्याला खेळ शाप म्हणतो. आकड्यांच्या दृष्टीने काहीच बदलले नसेल तर शाप कशाचा? नियमांतून हद्दपार केलेले काहीतरी या पट्ट्याच्या रूपाने मागील दाराने परत आले आहे. त्याला नाव मात्र खेळ देऊ शकत नाही.

खेळांच्या अभ्यासात नियमांचे प्राधान्य सर्वांत आग्रहाने मांडणारे एस्पेन आर्सेथ यांनी २००४ मधील एका निबंधात असे प्रतिपादन केले की, लारा क्रॉफ्टचा देह खेळाडू म्हणून त्यांच्या दृष्टीने अप्रस्तुत आहे. देह निराळा असता तरी त्यांचे खेळणे निराळे झाले नसते, आणि खेळताना त्यांचे त्या देहाकडे लक्षही नसते. हे विधान स्त्रीवादी समीक्षकांना खटकले, ते स्वाभाविक होते. परंतु ते सर्वस्वी चुकीचे आहे असे मला वाटत नाही. उडी मारताना, नेम धरताना, कुलूप फोडताना देह खरोखरच विसरला जातो. प्रश्न असा आहे की, खेळणे म्हणजे केवळ एवढेच काय?

येथे मराठी व्याकरणाचे साहाय्य घेण्याचा मोह होतो, आणि तो आवरण्याचे काही कारण दिसत नाही. इंग्रजीत ‘मी’ किंवा ‘तू’ यांच्या क्रियापदाला लिंग नसते. त्यामुळे इंग्रजी खेळाचा लेखक खेळाडूला उद्देशून एकच वाक्य लिहून ते दोन्ही पात्रांसाठी वापरू शकतो, आणि त्या पात्रांच्या तोंडीही तेच संवाद घालू शकतो. पोलिशमध्ये उलट, ‘मी’ आणि ‘तू’ यांचे भूतकाळी क्रियापद सकर्मक असो वा अकर्मक, कर्त्याचे लिंग सांगूनच पुढे जाते. मराठीची जागा या दोहोंच्या मध्ये आहे. ‘मी आलो’, ‘मी आले’. ‘मी बसलो’, ‘मी बसले’. येथे बोलणाऱ्याचे लिंग लपत नाही. परंतु ‘मी तलवार उचलली’, ‘मी दरवाजा फोडला’, ‘मी पहारेकऱ्याला मारले’ ही वाक्ये पुरुषाची की स्त्रीची हे कोणालाही सांगता येणार नाही. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जाते, भावे प्रयोगात ते कोणाच्याच मागे जात नाही. कर्ता दोन्ही ठिकाणी आडोशाला राहतो. (‘मी पोहणे शिकलो’, ‘मी नाव विसरले’ यांसारखे अपवाद आहेत, आणि वर्तमानकाळात तर ही व्यवस्थाच मोडते, पण कथा प्रायः भूतकाळात सांगितली जाते.) आडोशाची दुसरी जागा अनुभवाच्या वाक्यात आहे: ‘मला जाग आली’, ‘मला भीती वाटली’. म्हणजे काही करून दाखविण्याचे एक टोक आणि काही वाट्याला येण्याचे दुसरे टोक, या दोन ठिकाणी मराठीतील ‘मी’ लिंगाविना राहू शकतो. मधल्या प्रदेशात, जेथे माणूस नुसता येतो, जातो, बसतो, राहतो, थकतो, तेथे लिंग उघडे पडते.

व्याकरण जगाविषयीचे सत्य सांगते असा दावा येथे करावयाचा नाही. तथापि या भेदाने खेळांच्या संहितेतील एक भेद नेमका पकडता येतो. आर्सेथ यांचे विधान सकर्मक क्रियांपुरते खरे आहे. खेळातील बहुसंख्य क्रिया अर्थातच सकर्मक असतात आणि म्हणून ते विधान इतके पटण्याजोगे वाटते. अकर्मक क्रियेची पाळी आली की संहिता अडखळते. बायोवेअर या कॅनडातील कंपनीच्या ‘मास इफेक्ट’ मालिकेतील सेनाधिकारी शेपर्ड पुरुष असू शकतो किंवा स्त्री. इतर पात्रे त्याला वा तिला हुद्द्याने आणि आडनावाने हाक मारतात, त्यामुळे संवादांचा मोठा भाग दोघांना सामाईक राहतो. दोघांच्या हालचालीही पुष्कळशा सामाईक आहेत. परिणामी दुसऱ्या भागात (२०१०) आखूड पोशाख घातलेली शेपर्ड पुरुषाच्याच ढबीने पाय फाकून बसते. खेळाडूंनी त्याची भरपूर थट्टा केली. शत्रूला टिपताना याच सामाईक हालचालींकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. ते गेले ती बसल्यावर.

याच कंपनीच्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ (२००९) या खेळात हा भेद अधिक गंभीर रूपात भेटतो. त्याला सहा निरनिराळे प्रारंभ आहेत. त्यांपैकी शहरातील एल्फाचा प्रारंभ मी दोन्ही पात्रे घेऊन खेळून पाहिला. एल्फ ही या जगातील पराभूत जमात. डेनेरिम शहरात त्यांची वेगळी, कोंडलेली वस्ती आहे. नायकाचा किंवा नायिकेचा तो विवाहाचा दिवस असतो. ऐन सोहळ्यात वॉन हा सरदारपुत्र शिपाई घेऊन येतो आणि वस्तीतील स्त्रियांना आपल्या वाड्यात उचलून नेतो. खेळाडूने पुरुष निवडला असेल तर नेली जाते त्याची वधू नेसियारा. तो सोरिस या आपल्या भावासह तिला सोडविण्यास निघतो आणि वाड्यात बाहेरून शिरतो. खेळाडूने स्त्री निवडली असेल तर नेली जाते ती स्वतः. तिला जाग येते ती आत, बंद खोलीत. आणि सोडविण्यास निघालेला तिचा नियोजित वर नेलारोस वाटेतच मारला जातो. सोरिस तेवढा तिच्यापर्यंत पोहोचतो आणि तिच्याकडे तलवार सरकवतो.

ती तलवार तिच्या हाती आल्यानंतर दोन्ही संहिता जवळजवळ एक होतात. तेच दालन, तेच पहारेकरी, तेच वार. ‘मी पहारेकऱ्यांना मारले’ हे वाक्य आता दोघांच्याही तोंडी शोभते. पण एकाला त्याआधी ‘मी आत शिरलो’ म्हणावयाचे असते आणि दुसरीला ‘मी आत सापडले’. या दोन वाक्यांतील अंतर नंतरच्या शेकडो सकर्मक वाक्यांनी भरून निघत नाही. पुढे याच खेळाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग आहे. अंतिम युद्धाच्या आदल्या रात्री मॉरिगन ही जादूगारीण एक विधी सुचविते, ज्यात तिला गर्भधारणा व्हावयाची आहे. पुरुष नायक तो विधी स्वतः पार पाडू शकतो. नायिकेला मात्र अन्य पुरुषाचे मन वळवून तो करवून घ्यावा लागतो. व्याकरणाच्या भाषेत, एकाच्या वाट्याला साधे क्रियापद येते आणि दुसरीच्या वाट्याला प्रयोजक. लेखकांनी हे योजून केले असेलच असे नाही. संहितेला ते कळलेले आहे एवढे पुरे.

असे प्रारंभ दुर्मीळ आहेत आणि त्यांचे मोल मला मोठे वाटते. तरीही त्यांच्या विरुद्ध एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या प्रारंभाच्या दोन्ही आवृत्त्यांत शियानी या नात्यातील तरुणीवर अत्याचार होतो. नायिका स्वतः बचावते. परंतु तिचे स्त्रीत्व संहितेत अर्थपूर्ण ठरते ते या संभाव्य इजेच्या द्वारेच. तिने एरवी स्त्री म्हणून वस्तीत कसे दिवस काढले, कोणाशी मैत्री केली, कशावर हसली, याविषयी ही संहिता फारच थोडे सांगते. लिंगाला एकतर काहीच अर्थ नाही, किंवा असला तर तो जखमेचा. या दोहोंपलीकडचा पर्याय खेळांच्या लेखकांना सुचत नाही असे वाटू लागते. ‘बाल्डर्स गेट’च्या दुसऱ्या भागात (२०००) पुरुष नायकाला प्रेमासाठी तीन सहचरी उपलब्ध होत्या आणि नायिकेला एकच सहचर. तेथे तर जखमही नाही, नुसती गैरसोय आहे.

अलीकडचा कल हा संपूर्ण प्रश्नच विरघळवून टाकण्याकडे आहे. ‘सायबरपंक २०७७’ (२०२०) मध्ये देह आणि आवाज स्वतंत्रपणे निवडता येतात, मात्र पात्राचा उल्लेख पुल्लिंगी व्हावा की स्त्रीलिंगी हे आवाजावरून ठरते. हा खेळ पोलंडमध्ये तयार झाला हे लक्षात घेतले तर ही तडजोड उद्बोधक ठरते. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये देह, आवाज आणि ओळख या तिन्ही निवडी एकमेकींपासून सुट्या आहेत. ओळख पुरुष, स्त्री किंवा या दोहोंहून निराळी अशी घेता येते, आणि प्रमुख सहचर खेळाडूच्या लिंगाचा विचार न करता प्रेमात पडू शकतात. ज्या खेळाडूंना पूर्वी स्वतःच्या प्रतिमेचे पात्रच घडविता येत नसे, त्यांच्यासाठी ही सुटका आहे आणि तिला कमी लेखण्याचा अधिकार इतरांना नाही. तथापि समीक्षकाला हेही नोंदवावे लागते की, येथे लिंग बव्हंशी निवडीच्या पडद्यावरच राहते. ज्युडिथ बटलर यांनी १९९० मध्ये लिंगभाव हा पुनःपुन्हा केलेल्या कृतींतून घडतो असे मांडले, तेव्हा त्या कृतींमागे समाजाची सक्ती असते हेही त्या सांगत होत्या. सक्तीवाचूनची निवड त्यांच्या सिद्धांतात बसत नाही. कपाटातून सकाळी एक वस्त्र काढावे तसा लिंगभाव काढता येतो, हा आपल्या मांडणीचा विपर्यास असल्याचे त्यांनी पुढे स्पष्ट केले. ‘बाल्डर्स गेट ३’ चे कपाट मोठे आहे. त्यातले काही अंगावर चढविल्यानंतर रस्त्यावरील कोणी मान वळवून पाहत नाही.

हा खेळ मराठीत आणावयाचा झाला तर भाषांतरकाराची अडचण पहिल्याच प्रसंगात सुरू होईल. त्यातील निवेदिका खेळाडूला द्वितीय पुरुषात संबोधते. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’? आणि ज्याने दोन्ही नाकारले त्याला काय म्हणावयाचे? मराठीत नपुंसकलिंग आहे, पण प्रमाण मराठीत ते स्वतःसाठी किंवा समोरच्या माणसासाठी वापरण्याची वहिवाट नाही. एक वाट आहे: ‘तुम्ही आलात’. आदरार्थी बहुवचनाच्या या क्रियापदात लिंग दिसत नाही, आणि निवेदिकेच्या तोंडी ते शोभेलही. पण रात्री शेकोटीपाशी सहचर जवळ येऊन बसतो आणि प्रेमाचे बोलू लागतो, तेव्हा ‘तू’वाचून भागत नाही. तेथेही हट्टाने ‘तुम्ही’ ठेवले, तर मराठी कानाला त्यातून पिढ्यान्‌पिढ्यांची ‘अहो’ ही हाक ऐकू येईल, आणि ती हाक कोण कोणाला मारते हे सांगावे लागणार नाही.