रहस्य कोणाला ठाऊक असतं?

पूर्णा जंक्शनवर गाडी बदलायची म्हणजे थांबणं आलंच. परभणी-नांदेडकडून आलेला प्रवासी हिंगोली, वाशीम, अकोल्याच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसतो. अशा रिकाम्या वेळात एका बैठकीत संपणारी बारीकशी रहस्यकथा वाचत दोन-तीन पिढ्यांना मराठी वाचनाची गोडी लागली. त्या वाचकांचे अनभिषिक्त राजे म्हणजे बाबूराव अर्णाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाची नोंद गिनीज बुकात झाली, पण समीक्षेच्या ग्रंथांत त्याला जेमतेम जागा मिळाली.

अर्णाळकरांचं सामर्थ्य कोणती गोष्ट कोणाला ठाऊक ठेवायची, या हिशेबात आहे. पोलिसांना हुलकावणी देणाऱ्या झुंजार या त्यांच्या नायकाच्या कथा पाहा. झुंजार कोण आहे हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असतं. चाचपडतात ते पोलीस. साहजिकच ‘गुन्हेगार कोण?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘आता हा निसटणार कसा?’ ही धास्ती पुढे येते. वाचक नकळत झुंजारच्या कटात सामील होतो. पत्नी विजयाही त्यात असल्यामुळे या साहसाला घराची ऊब मिळते.

गुप्तहेर धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू यांच्या कथांत हाच हिशेब उलटा होतो. इथे धनंजयला कळलेलं असतं आणि आपण छोटूबरोबर मागे राहिलेलो असतो. एकीकडे वाचक पोलिसांच्या पुढे, तर दुसरीकडे गुप्तहेराच्या मागे. उत्कंठेच्या या दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोन्ही एकाच लेखणीनं लीलया सांभाळल्या. भाषाही तशीच: वाक्य छोटं, संवाद चटकदार, वर्णन प्रसंगापुरतं. नुकती अक्षरओळख झालेला वाचकही कुठे अडखळत नाही.

आक्षेप खरे आहेत. साचा पुन्हा पुन्हा येतो, घाई दिसते, योगायोग फार होतात. इंग्रजी रहस्यकथांचा आधार घेतल्याचा आरोपही जुनाच. त्यात तथ्य आहे. पण त्यांच्याही आधी गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी इंग्रजी कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठी वेशात आणल्या होत्या. रूपांतराची ही वाट आपल्याकडे रुळलेलीच होती. मूळ लेखकाचं ऋण उघडपणे मान्य व्हायला हवं, हे मला मान्य आहे. मात्र नायक उसना आणता येतो, त्याला मराठी घरात नांदवावं लागतं. विजयाशी बोलणारा झुंजार मराठी वाचकाला परका वाटला नाही, हे श्रेय अर्णाळकरांचंच.

घरोघरी ही पुस्तकं अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचली गेली. मोठ्यांना वाटे, पोरं बिघडतील. पुढे कादंबरीकार सुहास शिरवळकरांच्या वाट्यालाही तेच आलं: कॉलेजातल्या मुलामुलींचं उदंड प्रेम आणि प्रतिष्ठितांचं मौन. खप हा गुणाचा पुरावा नव्हे. पण तो दोषाचा पुरावा कसा ठरतो?

अर्णाळकर 1996 साली गेले. त्यांना महान ठरवण्याची घाई नको. पण कथनतंत्र शिकवताना परदेशी लेखकांची उदाहरणं देणाऱ्या आपल्या मराठी विभागांनी झुंजारची एक आणि धनंजयची एक कथा शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून ओळीओळीनं वाचून घ्यावी. वाचकाला खिळवून ठेवणं ही कारागिरी आहे, आणि ती मराठीत कशी घडली हे तिथे स्वच्छ दिसतं.