सहप्रवासी, पण अनामिक

आपल्या परदेश-प्रवासवर्णनांत एक उणीव वारंवार जाणवते. लेखक लेखनशिबिरासाठी सपत्नीक जातो. ग्रंथात शिबिराला दोन परिच्छेद, प्रेक्षणीय स्थळांना दहा प्रकरणे आणि पत्नीच्या वाट्याला केवळ 'आम्ही' हे सर्वनाम!

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रम १९६७ साली कवी पॉल एंगल आणि चिनी कादंबरीकार न्ये हुआलिंग यांनी उभारला. १९७१ साली दोघे विवाहबद्ध झाले. आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तेथे होते. आपले लिखाण दुसऱ्याच्या दृष्टीने पाहणे, हे अशा सहवासाचे सार. तेच पथ्य लेखकाने स्वतःच्या सहचारिणीबाबत पाळले, तर एकाच नदीची दोन दर्शने वाचकाला घडतील.

याची खूण लूकच्या शुभवर्तमानात आहे. अम्माऊसच्या वाटेवरील दोघांपैकी नाव येते ते क्लयपाचे. दुसरी व्यक्ती त्याची पत्नी असावी, असे काही भाष्यकार मानतात. भाकर मोडली जाताच डोळे मात्र दोघांचेही उघडले. त्या दुसऱ्या डोळ्यांची साक्ष आपल्या प्रवासवर्णनांत यावी, एवढीच अपेक्षा.