प्लेफुल प्लूटो

प्लेफुल प्लूटो : वॉल्ट डिझ्नी यांच्या निर्मितिसंस्थेचा एक अभिजात अमेरिकन व्यंगपट. बर्ट गिलेट यांनी दिग्दर्शित केलेला हा सु. आठ मिनिटांचा कृष्णधवल लघुपट युनायटेड आर्टिस्ट्स या वितरणसंस्थेमार्फत ३ मार्च १९३४ रोजी प्रदर्शित झाला. मिकी माउस मालिकेत तो मोडत असला, तरी त्याचे खरे आकर्षण मिकीचा खोडकर कुत्रा प्लूटो हेच होय.

प्लूटोचे मूळ द चेन गँग (१९३०) या व्यंगपटात सापडते. तुरुंगातून पळालेल्या मिकीचा माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या रूपात तो प्रथम अवतरला. द पिकनिक (१९३०) मध्ये तो मिनीचा ‘रोव्हर’ होता. द मूज हंट (१९३१) पासून मिकीचा ‘प्लूटो’ म्हणून तो स्थिरावला. मिकी बोलतो, कपडे घालतो, माणसासारखा वागतो. प्लूटो मात्र चार पायांवर चालणारा कुत्राच राहिला. शब्दांचा आधार नसल्याने त्याचे अंतरंग केवळ हालचालींतून प्रकट करावे लागते आणि हीच अडचण त्याच्या चित्रणाचे सामर्थ्य ठरली.

या व्यंगपटाचे कथानक क्षीण आहे. मिकी अंगणातील कामे करू पाहतो आणि प्लूटो त्यांत विघ्ने आणतो. पाण्याची नळी, गिळलेली विजेरी अशा युक्त्या एकामागून एक येतात. पण एकीतून दुसरी अपरिहार्यपणे उद्‌भवत नाही. पूर्वार्धातील हा सैलपणा त्या काळातील अनेक व्यंगपटांत आढळतो.

माशा धरण्याचा चिकट कागद प्लूटोला चिकटतो, त्या प्रसंगाने मात्र या व्यंगपटास इतिहासात स्थान मिळवून दिले. प्रसंगाची कल्पना वेब स्मिथ यांची व हालचालींचे रेखाटन नॉर्मन फर्गसन यांचे. कागद शरीराच्या एका भागावरून काढावा, तर तो दुसऱ्याला चिकटतो. एवढाच त्यातील विनोद. परंतु प्रत्येक प्रयत्नापूर्वी प्लूटो क्षणभर थांबतो, संकटाचा अंदाज घेतो, उपाय योजतो व फसतो. भुवया, कान, नाक आणि डोळे यांच्या सूक्ष्म बदलांतून कुतूहल, शंका, निर्धार व संताप या अवस्था क्रमाने उमटतात. प्रेक्षक हसतो तो केवळ फजितीला नव्हे, तर फजितीआधीच्या विचाराला. चित्र हलते यापेक्षा ते विचार करते असा प्रत्यय येणे, हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य होय. फ्रँक टॉमस व ऑली जॉन्स्टन या डिझ्नी-परंपरेतील कलावंतांनीही १९८१ मधील आपल्या ग्रंथात त्याचे महत्त्व विशद केले आहे.

प्रेस्टन स्टर्जेस यांच्या सलिव्हन्स ट्रॅव्हल्स (१९४१) या चित्रपटाने या प्रसंगास वेगळा अर्थ दिला. दुःखितांवर गंभीर चित्रपट काढण्याच्या ध्यासाने निघालेला एक दिग्दर्शक स्वतःच सक्तमजुरीच्या छावणीत येऊन पडतो. एका चर्चमध्ये कैद्यांना हा व्यंगपट दाखविला जातो आणि तोही त्यांच्यासह खळखळून हसतो. कैद्यांचा माग काढणारा कुत्रा म्हणून जन्मलेले हे पात्र अकरा वर्षांनी कैद्यांना घटकाभर मोकळे करते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. अर्थात हास्याने त्यांच्या बेड्या तुटत नाहीत. विनोद अन्यायाचे निवारण करीत नाही. अन्याय सोसणाऱ्याचे माणूसपण तो काही काळ जागे ठेवतो. व्यंगपटाचे मोल ठरविताना या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात.

महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांनी आगकाड्यांची मौज (१९१५) या लघुपटाद्वारे निर्जीव वस्तूंना चलनवलन दिले होते. पुढे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगपट विभाग निघाला. भारतात जन्मलेले व डिझ्नी-संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना प्रशिक्षण दिले. त्यातून जातककथेवर आधारित द बन्यन डिअर (१९५७) हा व्यंगपट तयार झाला. त्यातील हरिण उदात्त व आत्मत्यागी आहे. राम मोहन यांचे काही विनोदी व्यंगपटही तेथेच झाले. तथापि शासकीय व्यंगपटांवर लोकशिक्षणाचा भार बराच राहिला. चुकणारा, लाजणारा आणि पुन्हा खोडी काढणारा प्राणी अशा बोधप्रधान चौकटीत सहसा मावत नाही.

प्लूटोचा विनोद समजण्यास इंग्रजी यावे लागत नाही. यात्रेतील तंबूत चित्रपट पाहणारा विट्याचा प्रेक्षक असो वा न्यूयॉर्कचा नागरिक, दारातल्या कुत्र्याची धांदल दोघांच्याही परिचयाची असते. या परिचित प्राण्याच्या निरीक्षणातून विचाराचे दृश्य रूप साकारणे, हे प्लेफुल प्लूटोचे टिकाऊ यश होय.