पाणपक्ष्यांची नोंदवही : एक वाङ्मयविचार

टीकाकारानें ग्रंथांची परीक्षा करावी असा रिवाज आहे; आणि ग्रंथ म्हटला म्हणजे त्याला कर्ता असावा, प्रस्तावना असावी, निदान पुठ्ठा तरी असावा, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. ज्या लेखनाचा परामर्श आज घ्यावयाचा आहे त्यांत यांपैकीं कांहींच नाहीं. दरवर्षीं जानेवारी महिन्यांत आपल्या देशांतील तळीं, खाड्या आणि धरणांचे जलाशय यांच्या कांठीं विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी, निवृत्त कारकून अशीं नाना तऱ्हेचीं माणसें भल्या पहाटे जमतात, पाण्यावरील पांखरें मोजतात आणि तो आंकडा जातवार लिहून ठेवितात. पाणपक्ष्यांची ही आशियाई गणना भारतीय उपखंडांत १९८७ सालीं सुरू झाली. ज्या आंतरराष्ट्रीय गणनेचा ती भाग आहे ती १९६७ पासून चालत आली आहे. या कामाबद्दल स्वयंसेवकांस वेतन मिळत नाहीं, कीर्ति तर नाहींच नाहीं. असल्या टिपणांस वाङ्मय म्हणावें काय? म्हणावें, असें माझें मत आहे. परंतु तें मान्य केल्यास टीकेचे नियमही त्यांस लागू होतात, हेंही त्याबरोबरच सांगितलें पाहिजे.

हें मत मीं पुस्तकांवरून बनविलेलें नाहीं. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा बांधण्यांत आला. नद्यांबरोबर येणारा गाळ वर्षानुवर्षें सांचत जाऊन तेथें उथळ पाणी, चिखलाचीं बेटें आणि पाणवनस्पतींचीं दाट बनें तयार झालीं, व हिवाळी पाहुण्यांस आयतें आश्रयस्थान मिळालें. १९८६ सालीं तें अभयारण्य म्हणून जाहीर झालें. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या आग्रहामुळें मी जानेवारीच्या गणनेस तेथें गेलों. जुनी कविता शिकवितांना चक्रवाकाच्या जोडप्याचा रात्रीचा विरह मीं पंचवीस वर्षें वर्गांत रंगवून सांगितला आहे. त्या सकाळीं गांवांतील एका शेतकऱ्याचा मुलगा दुर्बीण माझ्या हातीं देत म्हणाला, “सर, ते बघा चक्रवाक. बेटाच्या डाव्या अंगाला.” नारिंगी-तपकिरी अंगाचे, फिक्या डोक्याचे ते मोठे पक्षी पाहून मला कळून चुकलें, कीं ज्याच्या दुःखाविषयीं मी इतकीं वर्षें बोलत आलों त्याला मीं कधीं पाहिलेंच नव्हतें. मुलानें वहींत ‘चौदा’ लिहिलें. पुन्हां मोजले, आणि चौदाचे तेरा केले. एक पक्षी दुसऱ्याच जातीचा निघाला. माझ्या पंचवीस वर्षांच्या व्याख्यानांत अशी दुरुस्ती एकदांही झाली नव्हती.

त्या खाडाखोडींतच नोंदवहीचा वाङ्मयीन गुण आहे. आपल्या काव्यांत पक्षी पुष्कळ आहेत. पण ते बहुधा दुसऱ्या कशाचे तरी प्रतिनिधि म्हणून येतात. चातक म्हणजे तहान, हंस म्हणजे विवेक, बगळा म्हणजे ढोंग. संकेतांस माझा विरोध नाहीं. त्यांवांचून काव्याचें चालावयाचें नाहीं. परंतु संकेत एकदां रूढ झाला कीं पाहण्याची गरज उरत नाहीं, आणि मग भाषा सुस्तावते. नोंदवहीला ही सवलत नाहीं. तेथें बगळा ढोंगी असून भागत नाहीं. तो मोठा कीं लहान, त्याची चोंच पिवळी कीं काळी, हें सांगावें लागतें. इंग्रजींत गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें सेल्बोर्न या आपल्या खेड्यांतील निसर्गाविषयीं लिहिलेलीं पत्रें १७८९ सालीं ग्रंथरूपानें निघालीं, तीं आजही आवडीनें वाचलीं जातात. दिसावयास जवळजवळ सारखीं असणारीं तीन चिमुकलीं पांखरें त्यानें मुख्यतः त्यांच्या आवाजांवरून वेगळीं ओळखलीं. एका माणसानें एकाच गांवाकडे वर्षानुवर्षें लक्ष दिलें, एवढेंच त्या ग्रंथाचें भांडवल.

असें लक्ष व्यवहारांतही निष्फळ होत नाहीं. पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार इराणांतील रामसर येथें १९७१ सालीं झाला. एखादी जागा त्याच्या यादींत येण्याच्या कसोट्यांपैकीं एक अशी, कीं तेथें नियमितपणें वीस हजार किंवा अधिक पाणपक्षी असावेत; दुसरी अशी, कीं एखाद्या जातीच्या समूहाचा शेंकडा एक भाग तरी तेथें असावा. परंतु एकूण पक्षी किती हें कोणीं मोजलेंच नसेल, तर शेंकडा एक काढावयाचा कशाचा? २०२० सालीं नांदूरमध्यमेश्वरचें नांव या यादींत जाहीर झालें. महाराष्ट्रांतील तें पहिलें. अशा कसोट्यांमागें देशोदेशींच्या हौशी माणसांनीं थंडींत कुडकुडत केलेल्या टिपणांचें वजन असतें.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष निवडीचा. जेथें मोटार जाते आणि निरीक्षणाचा मनोरा उभा आहे तेथील टिपणें भारंभार होतात. आडबाजूच्या गांवतळ्याविषयीं एक ओळही सांपडत नाहीं. त्यांतच दुर्मिळ पक्ष्याचा मोह असतो. नवशिक्या कवीला जसा अवघड शब्द, तसा नवशिक्या निरीक्षकाला हा पक्षी न बोलावतां सुचतो. उलट, ‘आज कांहीं दिसलें नाहीं’ हें लिहावयास हात धजत नाहीं, आणि तें न लिहिल्यानें पांखरें केव्हां नाहींशीं झालीं याचा पुरावाही नाहींसा होतो.

दुसरा दोष संदर्भाच्या अभावाचा. कालव्यांना पाण्याचें आवर्तन सुटलें कीं जलाशयाची पातळी उतरते, चिखल उघडा पडतो, बदकें दुसरीकडे सरकतात आणि चिखलांत चोंच खुपसणारे पक्षी उतरतात. वहींत नुसता आंकडा असला, तर पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला त्या सालीं बदकांवर कांहीं अरिष्ट कोसळलें असें वाटेल. मागचा-पुढचा संबंध तोडून उद्धृत केलेल्या चरणासारखी ही गत आहे.

तिसरा दोष मला अधिक जिव्हारीं लागतो. माणसें मराठी, पाणी मराठी मुलखांतलें, आणि नांवें मात्र पुष्कळदां केवळ इंग्रजी. हा उद्योगच परका आहे म्हणावें, तर तसेंही नाहीं. मुंबईची निसर्गेतिहास संस्था १८८३ सालीं स्थापन करणाऱ्या आठ गृहस्थांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे होते. शास्त्रीय नांव अवश्य असावें. त्यावांचून जगाशीं व्यवहार व्हावयाचा नाहीं. परंतु लांब काटकुळ्या पायांच्या पक्ष्याला ‘शेकाट्या’, पसरट चोंचीच्या बदकाला ‘थापट्या’, काळ्या अंगाच्या आणि कपाळीं पांढरा टिळा असलेल्या पक्ष्याला ‘वारकरी’ म्हणणारानें प्रथम नीट पाहिलें होतें. हीं नांवें म्हणजे निरक्षर निरीक्षकांनीं तोंडोतोंडीं राखलेली नोंदवहीच होय. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं वनखात्याची नोकरी सांभाळून रानांतील माणसांकडून शब्द वेचले व मराठीला ‘पक्षिकोश’ दिला. एका माणसानें एवढें केल्यावर इतरांनीं इंग्रजीवर भागवावें, हें शोभत नाहीं.

त्या सकाळीं मुलाचे आजोबा कांठावर बसले होते. दूरच्या एका बदकाकडे बोट करून त्यांनीं त्याचें आपल्याकडचें नांव सांगितलें. मुलगा हंसला आणि वहींत त्यानें इंग्रजी नांव लिहिलें. माझ्या खिशांत टांक होता, कागदही होता. पण मला तें टिपून घेण्याचें सुचलें नाहीं. पुढच्या वर्षीं गेलों तेव्हां आजोबा राहिले नव्हते, आणि तें नांव ना मुलाला आठवत होतें, ना मला.

म्हणून या वहीच्या कर्त्यांस एकच सूचना करावीशी वाटते. जात, संख्या, वेळ यांच्या रकान्यांशेजारीं आणखी एक रकाना आंखावा, आणि त्याच्या माथ्यावर ‘गांवचें नांव’ असें लिहावें. तो भरावयास दुर्बीण लागत नाहीं. मात्र कांठावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसापाशीं घटकाभर बसावें लागतें.