‘रुपयाचा प्रश्न’ : एका विद्यार्थि-प्रबंधाचे पुनर्वाचन

पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचे आयुष्य बहुधा पदवीबरोबरच संपते. परीक्षकांखेरीज त्यास वाचक लाभत नाही, आणि ग्रंथालयातील कपाटात त्याची जी जागा ठरते ती पुढे बदलत नाही. या नियमास अपवाद ठरलेले अर्थशास्त्रविषयक दोन प्रबंध महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी लागोपाठच्या दोन वर्षांत इंग्लंडात प्रसिद्ध केले. डॉ. भीमराव आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने बाहेर आला, आणि धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील केंब्रिजचा प्रबंध १९२४ साली. गाडगीळांच्या ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या व तो पाठ्यग्रंथ म्हणून वर्षानुवर्षे वाचला गेला. आंबेडकरांच्या ग्रंथाच्या वाट्याला मात्र वंदन पुष्कळ आले, वाचन थोडे. ज्या ग्रंथाचे नाव भाषणात घेतले जाते पण ज्याची पाने कोणी उलटीत नाही, त्या ग्रंथावर हळूहळू अशी विधाने लादली जातात की ती ग्रंथकर्त्याने केलेलीच नसतात. प्रस्तुत ग्रंथाचे असेच झाले आहे, आणि म्हणूनच तो पुन्हा वाचणे अगत्याचे आहे.

ग्रंथाचा विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया सर्व मुलखासाठी एकच नाणे म्हणून ठरविला. १८७० नंतर चांदीचा भाव जगभर उतरू लागला व त्याबरोबर रुपयाही उतरला. आरंभी जो रुपया दोन शिलिंगांच्या आसपास होता तो १८९२-९३ पर्यंत एक शिलिंग तीन पेन्सांच्या घरात आला. इंग्लंडात पौंडांत फेडावयाची सरकारी देणी रुपयांत मोजताना फुगत चालली. १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीस बंद करण्यात आल्या, आणि फौलर समितीच्या १८९८-९९ मधील चौकशीनंतर एक शिलिंग चार पेन्स हा दर मुक्रर झाला. समितीच्या मनात सुवर्णनाणे प्रचारात आणावयाचे होते. प्रत्यक्षात सोन्याशी केवळ हुंडीच्या व्यवहारातून जोडलेला रुपया, म्हणजे सुवर्णविनिमय परिमाण, येऊन बसले. १९१३ साली केन्स यांनी भारतीय चलनावरील आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची तरफदारी केली. एका विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात जिचे खंडन करावयाचे ठरविले ती बाजू ही अशी होती. प्रतिपक्ष लहान नव्हता.

सबंध ग्रंथाचा युक्तिवाद ‘स्थैर्य’ या एका शब्दाभोवती फिरतो. रुपया स्थिर आहे, असे सरकारी अहवाल म्हणत होते. आंबेडकर विचारतात, कशाच्या संबंधात स्थिर? लंडनच्या पेठेत एका रुपयास ठरलेले पेन्स मिळतात एवढ्याने त्या रुपयास देशातील बाजारात ठरलेले धान्य मिळते असे होत नाही. हुंडीचा दर स्थिर ठेवणे आणि नाण्याची क्रयशक्ती स्थिर ठेवणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीचे संगोपन करीत असता दुसरी बिघडू शकते, आणि ज्या व्यवस्थेत सरकारला नफा मिळवीत हवे तितके रुपये पाडता येतात त्या व्यवस्थेत ती बिघडण्याचा संभव नेहमीच राहतो. हे दाखविण्यासाठी ग्रंथकर्ता किंमतींचे निर्देशांक मांडतो, टांकसाळीच्या आकड्यांची छाननी करतो, जुन्या समित्यांच्या साक्षी उकरून काढतो. एका शब्दाच्या दोन अर्थांची गफलत उघडकीस आणून त्यावर चलननीतीची टीका उभारणे हे या ग्रंथाचे खरे कर्तृत्व होय. अर्थशास्त्रातील कितीतरी वाद मुळात शब्दार्थाचे वाद असतात. पण ते तसे आहेत हे ओळखणारा विरळा.

यापुढील पायरी अधिक महत्त्वाची आहे. उतरत्या रुपयाने देशाच्या निर्यातीस उत्तेजन मिळते, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचलित होते व आजही ते ऐकू येते. आंबेडकर या लाभाचा हिशेब मागतात. निर्यातदारास पौंडामागे जास्त रुपये मिळाले हे खरे. परंतु त्याच्या उत्पादनखर्चातील मजुरी त्या प्रमाणात वाढली असती तर तो लाभ उरलाच नसता. किंमती आधी चढतात व मजुरी मागून रखडत येते, या अंतरातच नफा सामावलेला असतो. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाकडून आल्यासारखे वाटणारे बक्षीस वस्तुतः देशातील मजुराच्या घासातून आलेले असते. चलनाच्या दराची चर्चा तोवर सरकारी तिजोरी आणि व्यापारी पेढ्या यांच्यामधील तंटा म्हणून चालत आली होती. त्या तंट्यात मजूर हा तिसरा पक्षकार आहे, हे दाखवून देणारी ही पाने आजही वाचकास थबकवितात.

येथे मराठीतील एका जुन्या शब्दाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परकीय चलनाशी असणाऱ्या रुपयाच्या दरास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी लेखक ‘हुंडणावळ’ म्हणत. दळणावळ, धुणावळ या शब्दांत ‘णावळ’ हा प्रत्यय ज्या अर्थाने येतो त्याच अर्थाने तो येथे आहे : एखाद्या कामाबद्दल द्यावा लागणारा मोबदला. हुंडणावळ म्हटले की कोणीतरी देणारा आणि कोणीतरी घेणारा डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘विनिमय दर’ हा पुढे रूढ झालेला पारिभाषिक शब्द निर्दोष असला तरी त्यात देणारा दिसत नाही; दर आपोआप चढतो व आपोआप उतरतो असा भास होतो. आंबेडकरांचा ग्रंथ इंग्रजीत आहे, पण त्यातील प्रश्न हुंडणावळीचा आहे, विनिमय दराचा नव्हे. मराठीतून अर्थशास्त्राचे प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी परिभाषा-कोशातील शब्द घ्यावेत हे योग्यच. मात्र जुन्या शब्दाबरोबर एखादा प्रश्नही हरवत नाही ना, हे पाहण्याचे काम कोशकार करीत नाही.

ग्रंथातील उणिवाही स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली उणीव मजुराविषयीच्या विवेचनातच आहे. ‘मजूर’ हा येथे एकसंध वर्ग म्हणून वावरतो. परंतु त्या काळी खेड्यातील पुष्कळशी मजुरी धान्याच्या रूपाने दिली जात होती, बलुत्याचा व्यवहार तर सर्वस्वी धान्याचाच होता. ज्याला रुपया क्वचितच दिसतो त्याच्यावर रुपयाच्या घसरणीचा परिणाम गिरणीतील कामगारावर होतो तसाच होईल असे गृहीत धरता येत नाही. महार वतनाच्या प्रश्नावर पुढे विधिमंडळात झगडणाऱ्या ग्रंथकर्त्यास हा भेद अपरिचित असणे अशक्य. तरीही प्रबंधात त्याला अपेक्षित तेवढी जागा मिळालेली नाही. सरकारी आकडे जेथे होते तेथेच प्रबंध गेला, आणि आकडे नव्हते तेथे तो थांबला. विद्यार्थ्याच्या संशोधनावर साधनांची अशी हुकमत नेहमीच चालते.

दुसरी उणीव उपायाची आहे. रुपये पाडण्याचा सरकारचा अधिकार बंद करावा, रुपया अपरिवर्तनीय ठेवून त्याच्या संख्येस कायमची मर्यादा घालावी आणि चलनाची पुढील वाढ सोन्याच्या नाण्यांनी व्हावी, असा हा उपाय. सरकारच्या हाती स्वेच्छाधिकार राहू नये हा त्यामागील हेतू रास्त आहे. पण खाणीतून सोने किती निघेल यावर देशातील किंमती अवलंबून ठेवणे म्हणजे एका मालकाची लहर टाळण्यासाठी दुसऱ्याची पत्करणे होय. १९२९ नंतरच्या मंदीत या विचाराची कसोटी लागली. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले, रुपया एक शिलिंग सहा पेन्स या दराने स्टर्लिंगला बांधलेला राहिला, आणि पिकांचे भाव कोसळलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतील सोने मोडून परदेशी जाऊ लागले.

आता लादलेल्या विधानाकडे वळावे. रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाची कल्पना याच ग्रंथातून निघाली, असे सर्रास सांगितले जाते. डॉ. आंबेडकरांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, त्या आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक स्थापन झाली, या तीन गोष्टी खऱ्या आहेत. त्या जोडून काढलेला निष्कर्ष मात्र ग्रंथ वाचल्यास टिकत नाही. चलनाचे कुशल व्यवस्थापन करणारी संस्था हे या प्रबंधाचे ध्येयच नाही. व्यवस्थापनाविषयीचा अविश्वास हा त्याचा प्राण आहे. बँकेशी त्याचे नाते शोधावयाचेच असेल तर ते अन्यत्र आहे. २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन किंमतींचे स्थैर्य हे चलननीतीचे प्रमुख उद्दिष्ट म्हणून नमूद झाले आणि महागाईचे चार टक्के हे लक्ष्य ठरविण्यात आले. क्रयशक्तीचे स्थैर्य आधी, हुंडीच्या दराचे नंतर, हा क्रम १९२३ च्या प्रबंधाचा आहे. एवढे नाते पुरेसे सन्मानाचे आहे. त्यास जन्मकथेची जोड देण्याची गरज नाही.

शैलीविषयी थोडेसे. १९२२ मध्ये सादर केलेला हा प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागला, आणि त्याचे कारण त्यातील सरकारवरील टीकेचा सूर हे होते, असे चरित्रकार सांगतात. छापील ग्रंथातही तो सूर पुरता मावळलेला नाही. वाक्ये दीर्घ, पण धार कायम, उपरोध जागोजाग. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद मोकळेपणाने नोंदविले आणि तरीही विवेचनातील ताजेपणाचे कौतुक केले. आपल्याशी असहमत असलेल्या विद्यार्थ्याच्या ग्रंथास प्रस्तावना लिहिणारा मार्गदर्शक आणि ती तशीच छापणारा विद्यार्थी, ही जोडी कोणत्याही विद्यापीठात सहसा पाहावयास मिळत नाही. गाडगीळांचे गद्य याच्या अगदी उलट : संथ, वर्णनपर, निष्कर्षाची घाई नसलेले. दुष्काळ, हस्तव्यवसायांचा ऱ्हास, शहरांची वाढ यांचे त्यांनी रेखाटलेले चित्र आंबेडकरांच्या ग्रंथात नाही, आणि आंबेडकरांचा वकिली नेमकेपणा गाडगीळांत नाही. रोख मजुरीपलीकडील ज्या ग्रामीण मजुराची उणीव वर सांगितली तो गाडगीळांच्या पानांत निदान दृष्टीस पडतो.

१९४७ साली हा ग्रंथ भारतीय चलन व बँकव्यवसायाचा इतिहास या नव्या नावाने, पहिला खंड म्हणून पुन्हा छापला गेला. मजकूर १९२३ पर्यंतचाच राहिला होता; त्यापुढील काळासाठी दुसरा खंड योजलेला होता. १९२७ साली कायद्याने ठरलेला अठरा पेन्सांचा दर, १९३१ नंतर देशाबाहेर गेलेले सोने आणि १९३५ ची बँक यांविषयी ग्रंथकर्त्याचे विवेचन त्या खंडात यावयाचे होते. तो खंड लिहिला गेला नाही.