एक निबंध, तीन कप्पे

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा एक निबंध आहे, जेमतेम चार पानांचा. ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकाच्या बाराव्या खंडात, पृष्ठं 172 ते 175. गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यातलं सूत्र आजही कोसंबींच्याच नावानं ओळखलं जातं. आता हा निबंध लावायचा कुठे? गणितात, आनुवंशशास्त्रात, की नाण्यांवरच्या आणि भर्तृहरीवरच्या त्यांच्याच कामाशेजारी? कागदाच्या फायलीत एकच जागा ठरवावी लागते, नाहीतर तीन झेरॉक्स काढाव्या लागतात. संगणकावरच्या फोल्डरांचीही तीच गत: प्रती तीन, आणि आपण केलेल्या खुणा मात्र त्यातल्या एकीवरच.

वाचलेल्या साहित्याच्या संदर्भनोंदी सांभाळणाऱ्या ‘झोटेरो’ या मोफत सॉफ्टवेअरचं मला सर्वांत सुंदर वाटणारं अंग इथे दिसतं. मधल्या रकान्यातली निबंधाची ओळ उचलायची आणि डावीकडच्या ‘गणित’ या संग्रहावर सोडायची, मग ‘आनुवंशशास्त्र’वर, मग ‘कोसंबी’वर. नोंद एकच राहते, ती तिन्हीकडे दिसते. पीडीएफवर ओढलेली रेघही तिन्हीकडे तीच. विंडोजवर ती ओळ निवडून कंट्रोलची कळ दाबून धरा: निबंध ज्या ज्या संग्रहात आहे, ते सगळे उजळतात. कळ सोडली की पूर्ववत. कोसंबींसारख्या माणसाला एका खणात बसवता येत नाही, हे पडद्यावर असं एका कळीसरशी दिसतं तेव्हा मला दर वेळी आनंद होतो.

याच निबंधाचं साल कुणी 1943 देतं, कुणी 1944. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करताना तो दोनदा येण्याची शक्यता मोठी. दुबार नोंदी शोधताना झोटेरो शीर्षक आणि लेखक ताडून पाहतो, आणि सालात एका वर्षाचा फरक असला तरी दोन्ही नोंदी समोर आणून ठेवतो. स्वतः मात्र काही पुसत नाही. कुठलं साल ठेवायचं हा निर्णय अभ्यासकाचा. एका वर्षाची ही सवलत ज्यानं ठेवली, त्याला अंकावरचं साल आणि अंक प्रत्यक्ष हातात पडण्याचं साल यांतली तफावत नक्की ठाऊक असणार.

तसं ते ठाऊक असायला कारण आहे. 2006 मध्ये झोटेरो आला तो अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास-केंद्रातून, आणि सुरुवातीला तो फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचा एक तुकडा होता. तळटिपांत हयात गेलेल्या माणसांची ही निर्मिती, आणि ते पदोपदी जाणवतं. लेखकाच्या नावाशेजारी एक छोटं बटण आहे. ते दाबलं की आडनाव आणि नाव हे दोन चौकोन जाऊन एकच उरतो. संस्थेच्या नावासाठी ही सोय आहे, पण मराठीच्या अभ्यासकाला ती ज्ञानेश्वरांसाठी लागते. ज्यांना आडनाव लावायचं नाही, त्यांच्यापुढे स्वल्पविराम येत नाही.

झोटेरोतल्या संदर्भसूचीची शैली बदलण्याचं कौतुक बहुतेक सगळे करतात. एका नियतकालिकाला सूची एका पद्धतीनं हवी, दुसऱ्याला दुसऱ्या. हजारो शैली तयार आहेत, निवडली की सगळी सूची नव्यानं मांडली जाते. सोय मोठी आहे, त्यावर अधिक काय बोलायचं? मला जास्त मोलाची वाटते ती लाल पट्टी. 2019 पासून, एखादा शोधनिबंध मागे घेतला गेल्याची नोंद ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या माहितीकोशात झाली की आपल्या संग्रहातल्या त्या निबंधाच्या माथ्यावर लाल इशारा उमटतो. लिहिताना तोच निबंध उद्धृत करायला गेलात तर तिथेही सावध केलं जातं. चार वर्षांपूर्वी वाचून ठेवलेल्या निबंधाचं पुढे काय झालं हे एरवी आपल्याला कोण सांगणार?

मराठी ग्रंथांसाठी मात्र हात चालवावा लागतो. शोधनिबंधाचा डीओआय किंवा पुस्तकाचा आयएसबीएन दिला की बाकीचे रकाने आपोआप भरतात, पण जुन्या मराठी पुस्तकांना यातलं काहीच नसतं. शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, शके असेल तर इसवी सन काढून, सगळं स्वतः टंकायचं. मला हे ओझं वाटत नाही. नोंद स्वतः भरताना मुखपृष्ठामागचं पान नीट वाचलं जातं.

आपल्या संगणकावर हवं तेवढं साठवा, पैसे पडत नाहीत. ऑनलाइन ठेवायच्या फायलींसाठी 300 एमबी जागा फुकट मिळते, आणि नोंदी कधीही बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतात. पीएच.डी.ला नुकतंच नाव नोंदवलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रबंध लिहायला बसेपर्यंत थांबू नका, आज वाचलेल्या पहिल्या निबंधाची नोंद आजच करा.