हस्तलिखित हिब्रू अक्षरांचे यंत्रवाचन : एक आक्षेप

हिब्रू लिपीत मूळ अक्षरे २२ आहेत. त्यांपैकी काफ, मेम, नून, पे व त्सादी ही पाच अक्षरे शब्दाच्या अंती निराळे रूप घेतात. म्हणजे संगणकाने ओळखावयाच्या आकृती २७ होतात. हाताने लिहितानाही ही अक्षरे बहुधा परस्परांस जोडली जात नाहीत. म्हणून प्रत्येक अक्षर सुटे करावे, ठराविक मापाच्या चौकटीत बसवावे आणि मग संगणकापुढे ठेवावे, अशी एक पद्धती रूढ झाली. ती सोयीची आहे खरी. परंतु तिच्या मुळाशी असलेले गृहीत तपासावयास हवे.

नित्याच्या हस्ताक्षरात योद, वाव व अंत्य नून ही तिन्ही अक्षरे म्हणजे वस्तुतः एकेक उभी रेघच होय. योद आखूड व वरच राहणारे, वाव ओळीपर्यंत उतरणारे, तर अंत्य नून ओळीखाली जाणारे. हा भेद आकृतीचा नसून लांबीचा व स्थानाचा आहे. तिन्ही अक्षरे समान चौकटीत ताणून बसविली की तो भेदच लोपतो. मग चुकीचा दोष लिहिणाऱ्याच्या हातावर ठेवणे न्याय्य नव्हे.

या दृष्टीने, संपूर्ण ओळ एकदम वाचणारी साधने अधिक समर्थ होत. ‘तिक्कून सोफ्रीम’ या प्रकल्पात वापरलेले क्राकेन हे त्यांपैकीच एक. तथापि येथे निराळा धोका संभवतो. ओळ वाचावयास शिकताना यंत्र शब्दांची सवयही आत्मसात करते. चौकोनी लिपीत दालेत व रेश यांच्यात केवळ कोपऱ्याचा फरक आहे. देवनागरीच्या वाचकास घ आणि ध यांचा घोटाळा आठवेल. ‘उत्पत्ती’ १०:४ मध्ये ‘दोदानीम’ असा पाठ आहे, तर ‘१ इतिहास’ १:७ मध्ये तेच नाव ‘रोदानीम’ असे येते. पाठचिकित्सकास हा भेद म्हणजेच पुरावा. परिचित रूपाच्या ओढीने यंत्राने तो ‘सुधारला’, तर वाचन सुबोध होईल, परंतु पुरावा नष्ट होईल.

तेव्हा शुद्धतेच्या सरासरी टक्क्यावर समाधान मानणे योग्य नाही. कोणते अक्षर कोणत्या अक्षराऐवजी किती वेळा वाचले गेले, याचे कोष्टक प्रत्येक प्रबंधात असावे. आणि संशयाच्या स्थळी यंत्राचा दुसरा पर्यायही मूळ छायाचित्रासह अभ्यासकापुढे ठेवावा. अंतिम निर्णय त्याचा आहे.